सव्वा महिन्यानंतरचं ताट

बाळंतिणीच्या खाण्याचा आपल्याकडे सगळा जोर पहिल्या सव्वा महिन्यावर. माझंही तेच झालं. माहेरी, सिन्नरला, आईनं डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू डबे भरून केले. दुपारी बाजरीची भाकरी, वर तुपाची धार, जेवणानंतर बाळंतशोपा. ताट हातात यायचं आणि माझं जेवण होईपर्यंत बाळाला कुणीतरी मांडीवर घ्यायचं. या दुसऱ्या गोष्टीची किंमत नाशिकला सासरी परतल्यावर कळली.

नवरा सातपूरला पहिल्या पाळीला जायचा, सासूबाई गुडघ्यांनी बेजार. लाडू होते तोवर निभलं. मग सकाळी चहा-टोस्ट, अकराला परत चहा आणि तिसऱ्या प्रहरी उभ्या उभ्या पातेल्यातला गार भात. तरी पोट काही उतरेना, म्हणून मोबाइलवर सापडलेलं बाराशे कॅलरींचं डाएट धरलं. थोड्याच दिवसांत जिना चढताना धाप लागू लागली. केसही गळत होते, पण ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकींचे गळतात. धाप लागणं मात्र वेगळं. तपासलं तर हिमोग्लोबिन साडेआठ. बायकांमध्ये 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात.

आहारतज्ज्ञ बाईंनी काय खाता हे नंतर विचारलं. आधी विचारलं, ‘बसून किती वेळा जेवता?’

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात आणि पुढच्या सहा महिन्यांत 520, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. म्हणजे गरज सव्वा महिन्यानं संपत नाही. संपते ती वाढून देणाऱ्यांची हौस. म्हणून आहाराचा तक्ता करण्याआधी घरात एवढं ठरवून घ्या, की दोन वेळा बाळाला कोण घेणार. त्याशिवाय कुठलाही तक्ता आठवडाभरही टिकत नाही.

बाकी सोय आपल्या हाती. पाजताना एक हात मोकळा असतो. त्या हातात मावेल तेच पोटात जातं. उकडलेलं अंडं, गूळ-शेंगदाणे, मेथीच्या पराठ्याची गुंडाळी. माझा खरा आधार मात्र नागली. सुरगाणा-पेठकडची नागली नाशिकच्या बाजारात सहज मिळते, आणि शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते. रात्री पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाणी घालून ढवळत शिजवायचं, मीठ-जिरं टाकून थर्मासात भरायचं. थर्मास स्वयंपाकघरात ठेवू नका; जिथं बसून पाजता तिथं उशाशी ठेवा, नाहीतर तो संध्याकाळी भरलेलाच सापडतो.

पथ्यांचं म्हणाल तर सासूबाईंची यादी लांबलचक होती. ‘अगं, कोबी खाल्लास तर बाळाचं पोट फुगेल,’ हे तर रोजचंच. कोबीचा वायू आईच्या पोटात होतो, तो दुधात उतरत नाही. द्राक्षांच्या गावात राहून द्राक्षं वर्ज्य, शेपू सोडून पालेभाजी वर्ज्य, पाणीही बेतानं, हे मला पटलं नाही. लसूण-खोबऱ्याची चटणी, शेपू, अळीव हे सासूबाईंचं मी आनंदानं ठेवलं. लाडूही ठेवले, फक्त जेवणाऐवजी नव्हे आणि दिवसाला एक.

वजनाची घाई नको. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ.

लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. अंगणवाडीत नाव असेल तर स्तनदा मातेचा शिधाही सहा महिने मिळतो, तो घ्यायला लाजू नका. गोळी चहाबरोबर कधीच नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. एवढं करूनही थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिनबरोबर थायरॉइडही तपासून घ्या. बाळंतपणानंतर तो बिघडू शकतो आणि घरात सगळे त्याला जागरण समजतात.