हरवलेले माडगे



गेल्या पावसाळ्यात आमच्या मातोश्री आजारी पडल्या. अन्नावरची वासनाच उडाली. पेज नको, खिचडी नको. एके दिवशी म्हणाल्या, "माझ्या आईच्या हातचं माडगं मिळालं तर बघ रे." आजीला जाऊन तीस वर्षे झाली. तिची कृती कोणी लिहून ठेवली नव्हती.

माडगे म्हणजे हुलग्याच्या पिठाचे सूप. आपल्यातील वयस्कर मंडळींना हे सांगायला नको. आम्ही दुकानातून पीठ आणले, उकळत्या पाण्यात टाकले आणि गुठळ्या झाल्या. मावशी फोनवर म्हणाली, गूळ घाल. मामी म्हणाली, छे, ताक आणि लसूण. दोघी एकाच चुलीपाशी वावरलेल्या, तरी साक्ष जुळेना! करण्याचे ज्ञान वेगळे असते, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे आम्ही सेमिनरीत परीक्षेत लिहून आलो होतो. त्याचा अर्थ त्या गुठळ्या फोडताना कळला.

आजीचे माहेर भंडारदऱ्याकडचे, म्हणून राजूरच्या बाजारात विचारत फिरलो. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे गेले आणि तिकडे ऊस आला. हुलगा हलक्या, कोरडवाहू जमिनीचा. तो मागे पडला. शिवाय बैलाला घालतात ते आपण कसे खायचे, ही लाजही आलीच. याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पण बी वाचले म्हणून रांधणारा हात वाचतोच असे नाही.

बाजारात हुलगे विकणाऱ्या एका आजीबाईंनी उकल केली. "पीठ इकत घेतलं का? मग कसं व्हईल?" हुलगे आधी मंद आचेवर खमंग भाजायचे, जात्यावर भरडायचे, सुपात पाखडून टरफल काढायचे, मग दळायचे. कच्च्या पिठाला उग्र वास राहतो. पीठ गार पाण्यात कालवायचे, मग आधणात धार धरायची आणि हात थांबवायचा नाही. पीठ किती? त्यांनी मूठ उघडून दाखवली. आमची मूठ मोठी, म्हणून पहिले माडगे पिठल्यासारखे झाले!

दुसऱ्या खेपेला जमले. मातोश्रींनी अर्धी वाटी घेतली. गूळ की ताक, हे आम्ही भीतभीतच विचारले.

"दोन्ही. थंडीत गूळ, उन्हाळ्यात ताक. आणि यात मीठ कमी आहे," असे म्हणून त्यांनी वाटी पुढे केली.

मावशी आणि मामी यांना हा निकाल अजून कळवायचा आहे.