जंगली जई: लढाई बियाशी आहे

नर्मदापुरम जिल्ह्यात, तवा धरणाच्या कालव्याखाली आमची गव्हाची शेती आहे. घरात मराठी, शिवारात हिंदी. 1978 मध्ये तवा धरण पूर्ण झालं, इथला कोरडवाहू गहू हळूहळू ओलिताचा झाला, आणि भरपूर पाणी-खत मिळालेल्या गव्हात जंगली जईलाही सुगीचे दिवस आले. या तणाचा विषय निघाला की लोक आधी औषधाचं नाव विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा: गेल्या हंगामात तुमच्या रानात जईचं बी किती पडलं?

1. ओळखायची ती दोन-तीन पानांवर असताना. जई निसवली, तिचा मोकळा, लोंबता फुलोरा गव्हाच्या वर डोलू लागला की कुणीही ओळखतं, पण तोवर वेळ गेलेली असते. कोवळ्या रोपाचं पातं खोडाला जिथं मिळतं ती जागा पाहा. गव्हाला तिथं खोडाला बिलगणारे दोन बारीक कान असतात. जईला कान नसतात, नुसता पांढरा पातळ पडदा असतो. दुसरी खूण पात्याच्या पिळाची. वरून पाहिलं तर गव्हाचं पातं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळतं, जईचं उलट दिशेनं. निंदणीला येणाऱ्या बाया यातलं काही न मोजता लांबूनच रोप ओळखतात. ती नजर मला फार मोलाची वाटते.

2. बियाची करामत समजून घ्या, उपाय तिथूनच सापडतात. जईचे दाणे फुलोऱ्याच्या शेंड्याकडून खाली पिकत येतात आणि पिकताच गळतात. गहू कापणीला येईपर्यंत बरंचसं बी जमिनीवर पडलेलं असतं. एका जोमदार झाडाचे शे-दोनशे दाणे सहज होतात.

दाण्याच्या पाठीवर काळपट, मधेच गुडघ्यासारखं वाकलेलं कुसळ असतं. त्याचा खालचा भाग पिळलेला असतो. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. दंव आणि ऊन यांच्या अशा फेऱ्यांत दाणा स्वतःच सरकत एखाद्या फटीत शिरतो. शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी 1665 च्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात या कुसळाचं वर्णन केलं आहे आणि हवेतली ओल मोजायला त्याचा उपयोगही करून दाखवला आहे. आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून हे बी किती खोल जात असेल, याचा विचार करा. बहुतेक तणांचं बारीक बी खोल गेलं की उगवण्याआधीच संपतं. जईचा दाणा भरदार असतो आणि कोंब लांबवायची त्याची ताकद मोठी, त्यामुळे पंधरा-वीस सेंटिमीटरवरूनही तो वर येतो.

त्यात झोपेची भर. आपल्या भागात जी जात जास्त दिसते तिचे दोन दाणे जोडीनंच गळतात. त्यातला खालचा मोठा दाणा लवकर उगवतो, वरचा लहान दाणा जास्त काळ झोपून राहतो. म्हणजे एकाच जोडीतला एक दाणा यंदासाठी आणि दुसरा पुढच्या एखाद्या वर्षासाठी. बरंचसं बी चार-पाच वर्षांत संपतं, थोडं त्याहून जास्त टिकतं. एका हंगामात रान स्वच्छ दिसलं म्हणून हात आखडता घेतला तर जई परत येते, ती याच साठ्यातून.

3. कापणीनंतर लगेच खोल नांगरट करू नये, असं माझं ठाम मत आहे. वर पडलेला दाणा उंदीर, मुंग्या, पाखरं आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हाच्या तावडीत असतो. तो खाली गाडला की आपणच त्याला जपून ठेवतो आणि पुढच्या एखाद्या नांगरटीत वर आणतो. आणि नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली धसकटं, पेटवणं हा तर उपायच नव्हे. आग काही बी मारते, पण भेगेतल्या बियापर्यंत पोचत नाही. जमिनीचा जीव जाळून एवढंच हाती येत असेल तर तो सौदा करू नये.

4. पेरणीआधी जईला उगवू द्या. पलेवा, म्हणजे पेरणीआधीचं पाणी, देऊन रान भिजवावं, वापसा येऊन जईचा पहिला हिरवा थर दिसू द्यावा, मग उथळ वखरानं तो मोडून गहू पेरावा. यात पेरणी थोडी लांबते आणि उशिरा पेरलेला गहू शेवटच्या उन्हात सापडतो. म्हणून हा उपाय सगळ्या रानात न करता, जई सर्वांत दाट असते त्या तुकड्यापुरता करावा.

5. घरचं बियाणं चाळून, वारं देऊन घ्या. जईचा दाणा लांबट आणि गव्हापेक्षा हलका असतो, बराचसा निघून जातो. हार्वेस्टर मात्र हातात नसतो. पंजाबहून आलेली यंत्रं एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जातात आणि त्यांच्या पोटातून बीही जातं. यंत्र आपल्या रानात शिरण्याआधी झाडून घ्यायला लावण्यात संकोच कसला?

6. खत फोकून दिलं की ते जईलाही मिळतं, आणि नत्र ओढण्यात ती गव्हाला हार जात नाही. पेरणीचं खत बियाच्या ओळीजवळ, यंत्रानंच पेरावं. ओळी जवळ घेतल्या की गहू लवकर जमीन झाकतो.

7. फवारणी योग्य वेळी झाली तरच तिचा पैसा वसूल होतो. पहिल्या पाण्यानंतर, रानात पाय ठरू लागला की, साधारण पेरणीपासून 30 ते 35 दिवसांत, जई दोन ते चार पानांवर असताना. क्लोडिनाफॉप 15 टक्के भुकटीचं प्रमाण एकरी 160 ग्रॅम आहे. कमी टाकून बचत होत नाही. अर्धमेली झाडं पुन्हा फुटतात आणि बी धरतात. पाणी एकरी दीडशे ते दोनशे लिटर, आणि नोझल पंख्यासारखा सपाट फवारा देणारं.

हे औषध गवताच्या वाढीच्या कोंबावर घाव घालतं. वाढ लगेच थांबते, पिवळेपणा मात्र आठ-पंधरा दिवसांनी दिसतो, म्हणून लोक घाबरून दुसऱ्यांदा फवारतात. तसं करू नका. मधलं कोवळं पान ओढून पाहा. बुडाशी कुजून ते अलगद हातात आलं तर झाड गेलं म्हणून समजा. गहूही गवतच, तरी तो वाचतो, कारण औषधात घातलेला एक रक्षक घटक गव्हाला ते विष चटकन पचवायला मदत करतो. सोयाबीनवर मारायच्या क्विझालोफॉपमध्ये तो नसतो. त्या औषधाचा पंप नीट न धुता गव्हात नेला तर गहू मरतो. रुंद पानांच्या तणासाठी 2,4-डी मारायचं असेल तर ते क्लोडिनाफॉपमध्ये मिसळू नका, जईवरचा मारा सौम्य होतो. मध्ये आठवडाभर तरी जाऊ द्या.

8. एकच औषध वर्षानुवर्षं वापरू नका. ऑस्ट्रेलियात 1985 मध्येच क्लोडिनाफॉपच्या गटातल्या औषधाला दाद न देणारी जंगली जई नोंदली गेली. आपल्याकडे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात गुल्ली-डंडा या तणानं आयसोप्रोट्युरॉन या औषधाला जुमानणं सोडलं आणि उभी गव्हाची शेतं हिरवी असतानाच चाऱ्यासाठी कापावी लागली. डब्यावरचं नाव बदललं म्हणजे गट बदलला असं नसतं. क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप आणि पिनॉक्साडेन एकाच ठिकाणी घाव घालतात. सल्फोसल्फ्युरॉन वेगळ्या गटातलं आहे, पण त्याचा अंश जमिनीत राहतो आणि पुढच्या ज्वारी-मक्याला बाधतो. दुकानदाराला गट विचारा. 1989 पासून जबलपुरात तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या शिफारशी पाहा.

9. औषधाइतकाच भरवसा मी पीकबदलावर ठेवतो. ज्या तुकड्यात जई फार झाली तिथं बरसीम घ्यावं. दर कापणीला जईही कापली जाते, तिला बी धरायला सवडच मिळत नाही, आणि जनावरं ती आवडीनं खातात. हरभराही चालतो, पण त्यातही क्लोडिनाफॉपच्याच गटाचं औषध मारलं तर पीक बदललं, मारा तोच राहिला. तिथं पेरणीनंतर लगेच पेंडिमिथॅलिन आणि पुढं खुरपणी, हे मला जास्त बरं वाटतं.

10. फवारणीतून वाचलेली झाडं माघ महिन्यात हातानं उपटा, निसवण्याच्या आत. उशिरा उगवलेली जई यंदाच्या गव्हाचं फारसं बिघडवत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते, पण बी तीही टाकते. शिवाय औषधाला न जुमानणारं झाड असलंच तर ते याच वाचलेल्यांत असतं. फुलोरा आला असेल तर झाड बांधावर टाकू नका, पोत्यात भरून रानाबाहेर न्या. सुरुवात कालव्याच्या कडेनं, बांधालगत आणि हार्वेस्टर जिथून आत शिरतो त्या कोपऱ्यातून करा. जई दाट दिसेल तिथं खुंटी रोवून ठेवा, पुढच्या वर्षी पलेव्याचं पाणी आधी त्या तुकड्यात सोडायचं आहे.