लिथियम घेणारा रुग्ण आणि आपली शोधनचिकित्सा

मनोविकारांवरील आधुनिक औषधे घेणारा रुग्ण आपल्या चिकित्सालयात मनोविकारासाठी क्वचितच येतो. तो येतो वाढलेल्या वजनासाठी, मलावरोधासाठी, हातांच्या कंपासाठी, त्वचेवरील चट्ट्यांसाठी. चालू औषधांविषयी विचारले असता रक्तदाबाची गोळी सांगतो, मधुमेहाची सांगतो; मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली गोळी मात्र सांगत नाही. सोबतचे नातलगही ती लपवितात, घरात लग्न ठरावयाचे असेल तर विशेषच. आणि ज्या तक्रारीसाठी तो आला आहे, ती अनेकदा त्या न सांगितलेल्या गोळीचाच परिणाम असते. या लेखात आम्ही त्यांपैकी लिथियम या एका औषधाचा सविस्तर विचार करीत आहोत. कारण लंघन, विरेचन आणि अलवण पथ्य यांच्याशी त्याचा जितका थेट संबंध येतो, तितका अन्य मानसौषधांचा येत नाही.

लिथियमचा उन्मादावरील उपयोग ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत लिथियम क्लोराइड बाजारातून काढून घ्यावे लागले. तेथे ते मिठाऐवजी वापरावयाचा पदार्थ म्हणून हृद्रोग्यांना मिळत असे. मीठ वर्ज्य केलेल्या त्या रुग्णांना विषबाधा झाली, काही दगावले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे सारे या एका घटनेत आले आहे.

लिथियमचे उत्सर्जन जवळजवळ सर्वस्वी वृक्कांतून होते आणि वृक्क त्यास सोडियमप्रमाणेच वागवितो. शरीरात सोडियम व जलांश उणे झाले की वृक्क सोडियम राखू लागतो, त्याबरोबर लिथियमही राखतो. मात्रा तीच राहून रक्तातील प्रमाण चढते. हे प्रमाण सामान्यतः ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर ठेवतात, १.५ च्या पुढे विषलक्षणे अपेक्षित असतात आणि २ च्या पुढे अवस्था गंभीर होते. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या वृद्धांत याहून कमी प्रमाणातही विषलक्षणे दिसू शकतात. औषधी मात्रा आणि विषमात्रा यांत इतके थोडे अंतर असलेले द्रव्य आपल्यास नवे नाही. वत्सनाभ हाताळणाऱ्या वैद्यास ही सावधगिरी शिकवावी लागत नाही.

आता चिकित्सालयात काय घडते ते पाहू. लिथियममुळे वजन वाढते. आपण स्थौल्य म्हणून लंघन, उद्वर्तन, पुनर्नवा-गोक्षुरयुक्त क्वाथ योजतो. लिथियममुळेच तृष्णा व बहुमूत्रता उद्भवते. रक्तशर्करा न पाहता प्रमेहाचे निदान होते. हातांस सूक्ष्म कंप येतो. कंपवात समजून कपिकच्छू दिली जाते. हाच रुग्ण उन्मादावरील अन्य औषधेही घेत असेल, तर कपिकच्छूतील लेव्होडोपा त्यांच्या नेमके उलट कार्य करते. अवटु ग्रंथीचे कार्य मंदावल्याने शोथ, आलस्य, केशपात होतो. तेथेही मूत्रल द्रव्यांकडे हात जातो. सर्वांत फसवी अवस्था त्वचेची. लिथियममुळे सोरायसिस प्रथमच उद्भवू शकतो किंवा असलेला बळावतो. अशा एककुष्ठाच्या रुग्णास आपण शास्त्राप्रमाणे लवण वर्ज्य करतो आणि शरदात विरेचन देतो. स्वेदनात घाम जातो, विरेचनाच्या वेगांत द्रव व लवण जाते, पुढे संसर्जनक्रमात पेया-विलेपीवर दिवस काढले जातात. अकृत यूषात तर लवण नसतेच. म्हणजे लिथियम साचविण्यास जे जे लागते, ते सर्व आपण एका आठवड्यात क्रमाने पुरवितो.

धोका येथेच संपत नाही. लिथियमच्या विषबाधेची पहिली लक्षणे म्हणजे हृल्लास, छर्दी, द्रवमलप्रवृत्ती, तंद्रा आणि दौर्बल्य. विरेचनाच्या दिवशी ही लक्षणे पाहून वैद्य वेग मोजत बसेल किंवा अतियोग समजून स्तंभन देईल. कंप स्थूल होणे, चालताना तोल जाणे, जीभ जड होऊन शब्द अडखळणे, ही मात्र विरेचनाची लक्षणे नव्हेत. ती दिसताच लिथियमची पुढील मात्रा न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. यापुढची पायरी आक्षेप, संज्ञानाश आणि वृक्कघात ही असते.

आमच्याकडे आश्विनात एक शेहेचाळीस वर्षांच्या शिक्षिका अशाच चट्ट्यांसाठी आल्या. विरेचनाची तयारी करूनच आल्या होत्या. त्यांच्या बहिणीस गतवर्षी गुण आला होता. घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे घेऊन येण्यास सांगितले, तेव्हा लिथियम कार्बोनेटचे पाकीट निघाले. औषध सहा वर्षांपासून, चट्टे पाच वर्षांपासून. आम्ही त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांस पत्र लिहिले, शोधन रहित केले, मीठ पूर्ववत ठेवून शमन व बाह्योपचार केले. खाज गेली, चट्टे निम्मे उरले. त्याहून अधिक यश आम्हास मिळाले नाही. पण लिथियम थांबवून ते मिळवावे असे आमचे मत नाही. ते एकाएकी सोडल्यास उन्मादाचा वेग परत येतो आणि आत्मघाताचा धोका वाढतो.

मूत्रल वनस्पतींविषयी कोणास शंका वाटत असल्यास, लिथियम घेणाऱ्या एका तरुणीस वनौषधींच्या मूत्रल मिश्रणाने विषबाधा झाल्याचा वृत्तान्त अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झाला आहे. त्या मिश्रणात आपली द्रव्ये नव्हती, कर्म मात्र तेच होते. संधिशूलासाठी रुग्ण परस्पर घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनीही हे प्रमाण वाढते. उलटपक्षी मीठ अचानक वाढविले तर लिथियम अधिक बाहेर पडते व रोग उलटतो. तेव्हा मीठ कमीही नको, अधिकही नको. नित्याचे तेच राहावे. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, हे पथ्य सांगताना ध्यानात असावे. नवरात्राचे निर्जळी वा अलवण उपवास करणाऱ्यांस हे आवर्जून सांगावे. रक्ततपासणी शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी करावयाची असते; सकाळची गोळी घेऊन गेलेल्या रुग्णाचा अहवाल दिशाभूल करतो.

अन्य औषधांविषयी थोडेसे. क्लोझापिन घेणाऱ्याचा मलावरोध सामान्य समजू नये, त्यातून आंत्रगती थांबून मृत्यू ओढवू शकतो. आणि अशा रुग्णास ज्वर व कंठशूल असल्यास ज्वरघ्न कल्प देण्यापूर्वी श्वेतकणांची गणना त्याच दिवशी व्हावी. कार्बामाझेपिन वा लॅमोट्रिजिन सुरू केल्यानंतर उठलेले पुरळ शीतपित्त म्हणून हाताळू नये, विशेषतः तोंड व डोळे येत असल्यास. निद्रानाशावर सर्पगंधा देण्याची सवय आपल्यात आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व रक्तदाबावर आणि मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावर तिचा उपयोग प्रसिद्ध केला, याचा आम्हास अभिमान आहे. तथापि तीतील रेसर्पिन विषाद वाढवू शकते, म्हणून विषादाच्या रुग्णास ती देऊ नये. शंखपुष्पीयुक्त सरबताने फेनिटॉइनचा प्रभाव घटून अपस्माराचे वेग परतल्याचा अभ्यास १९९२ साली मुंबईतच झाला. मेध्य म्हणून सर्रास दिले जाणारे हे द्रव्य आहे!

औषधालयचालकांकडे एक निराळीच जबाबदारी येते. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश बहुधा पाच ते दहा टक्के असतो. मद्य सुटावे म्हणून डायसल्फिराम घेणाऱ्यास, त्याच्या शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही, अश्वगंधारिष्ट किंवा सारस्वतारिष्ट दिल्यास मुख लाल होणे, धडधड, छर्दी, रक्तदाब उतरणे असा प्रकार होऊ शकतो. ही गोळी कधी कधी घरचे लोक रुग्णास न सांगताच अन्नातून देतात, म्हणून प्रश्न रुग्णाऐवजी पत्नीस किंवा आईस, बाजूला घेऊन विचारावा. अशा घरात त्याच द्रव्यांचे चूर्ण अथवा घृत द्यावे.

आम्ही स्वतः नव्या रुग्णाच्या केसपेपरवर 'झोपेची, मनाची, फिटची किंवा दारू सोडण्याची गोळी' ही ओळ छापून घेतली आहे. 'मानसरोगाची औषधे' असे छापले होते तेव्हा सर्वजण 'नाही' लिहीत.