क्षमा केली, तरी छाती का धडधडते?



काही वर्षांपूर्वी एक मध्यमवयीन व्यक्ती मला भेटायला आली. तिने विचारले, "फादर, लहानपणी मला घरात फार मारहाण झाली. मारणारा माणूस आता हयात नाही. मी त्याला मनापासून क्षमा केली आहे. तरी आजही कोणी दार आपटले की माझे हातपाय गार पडतात. माझा विश्वास कमी पडतो का?"

मी चटकन म्हणालो, "अजून प्रार्थना करा, झाले गेले विसरून जा." ती व्यक्ती मान खाली घालून निघून गेली. त्या उत्तराची मला आज खंत वाटते. प्रश्न विश्वासाचा नव्हता, मज्जासंस्थेचा होता. पुढे वाचनातून आणि डॉक्टरांशी बोलून जे समजले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

धोक्याची घंटा

आपल्या मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागताच तो घंटा वाजवतो, विचार करणाऱ्या मेंदूची वाट पाहत नाही. अ‍ॅड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात उतरतात. छाती धडधडते, श्वास वाढतो, अंग ताठ होते. लढायचे, पळायचे की जागच्या जागी गोठून राहायचे, हे शरीर क्षणात ठरवते. धोका टळला की व्हेगस नावाची चेता हृदयाची गती पुन्हा खाली आणते. समोरून ट्रक आला असता याच व्यवस्थेमुळे आपण वाचतो. ती देवाची देणगीच आहे.

मात्र तान्ह्या बाळाला स्वतःहून शांत होता येत नाही. कोणीतरी उचलून घेते, थोपटते, तेव्हा ते शांत होते. असे हजारो वेळा घडले की त्याची मज्जासंस्था ते शिकते. पण ज्या घरात थोपटणारा हातच मारणारा असतो, तेथे घंटा रोज वाजते आणि हळूहळू फार हळवी होते. काही मुले उलट बधिर होतात, त्यांना काहीच जाणवेनासे होते. मारणारा मरण पावला हे विचार करणाऱ्या मेंदूला ठाऊक असते, पण दार आपटल्याचा आवाज त्याच्या आधी घंटेपर्यंत पोहोचतो.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की इच्छेची संमती नसेल तेथे पाप नाही. क्षमा ही इच्छेची कृती आहे. धडधड इच्छेच्या आधीच घडते. म्हणून ती पाप नाही, आणि क्षमा खोटी असल्याचा पुरावाही नाही.

बुखारेस्टची मुले

मग ही घंटा कधीच शांत होत नाही का? रुमानियात १९८९ साली चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा तेथील अनाथालयांत हजारो मुले सापडली. त्यांना खायला मिळत होते, पण कुशीत घेणारे कोणी नव्हते. २००० साली बुखारेस्ट शहरात अमेरिकन संशोधकांनी अशा १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत ठेवले. बाकीच्यांची व्यवस्था पूर्वीसारखीच राहिली. कुटुंबात गेलेली मुले माणसांशी जवळीक करायला शिकली. दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना घर मिळाले, त्यांची शरीरे पुढेही ताणाला बरीचशी सामान्य मुलांसारखीच सामोरी गेली.

यातून दोन गोष्टी कळतात. नात्यात झालेली जखम नात्यातच भरून येते, आणि जितके लवकर तितके बरे. पण उशीर झाला म्हणजे दार बंद झाले असे नाही. मोठ्या माणसाचा मेंदूही नवे शिकतो. आघातावर केंद्रित असे मानसोपचार आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली त्यांची शिफारस केली आहे.

आपण काय करावे?

१. दुखावलेल्या माणसाला "विसरून जा" म्हणू नका. त्याला पुन्हा पुन्हा सारी हकिकत सांगायलाही लावू नका. शांतपणे जवळ बसा.

२. धडधड सुरू झाली की श्वास सावकाश, लांबवर सोडा. पाय जमिनीवर टेकवा आणि आपण आज, येथे आहोत हे स्वतःला सांगा. संत थॉमस यांनी तेराव्या शतकात दुःखावर उपाय सांगताना अश्रू आणि मित्रांची सहानुभूती यांच्याबरोबर झोप आणि स्नान यांचाही उल्लेख केला आहे! आत्मा आणि शरीर एकच माणूस आहेत, हे ते जाणून होते.

३. समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. प्रार्थना आणि उपचार यांत भांडण नाही. सरकारची 'टेली मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

४. आईवडिलांनो, रागाच्या भरात आवाज चढलाच, तर नंतर मुलाला जवळ घ्या आणि "माझे चुकले" म्हणा. त्यातूनही मूल शांत व्हायला शिकते.

५. छळ आजही चालू असेल, तर आधी सुरक्षितता. क्षमा म्हणजे पुन्हा मार खायला त्याच घरात जाणे नव्हे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मुलाचे लैंगिक शोषण होत असल्याचे कळूनही ते पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. शोषण करणारा नातलग असो, शिक्षक असो वा धर्मगुरू असो, घराण्याच्या किंवा चर्चच्या अब्रूसाठी गप्प बसू नका.

त्या व्यक्तीला मी पुढे भेटलो आणि माझ्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. तोवर तिने उपचार सुरू केले होते. ती म्हणाली, "फादर, छाती अजून धडधडते. पण आता लवकर थांबते."

पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही व्रण होतेच.

मननासाठी: माझ्या घरात कोणाची पावले वाजली की मुले गप्प होतात? ती पावले माझी तर नाहीत ना?

आपला,
प्रमुख धर्मगुरू