कुकी : आठवण की पाळत?

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. अशा खाणीत या क्षणी कोण कोण खाली उतरले आहे, याची नोंद ठेवणे १९५२ च्या खाण कायद्याने आवश्यक ठरविले होते. अपघात झालाच, तर कोणाला शोधायचे ते या नोंदीवरून कळते. म्हणून तिच्यासाठी कामगाराची परवानगी घ्यावी लागत नाही. पण समजा, सुट्टीच्या दिवशी तो तुमसरच्या बाजारात कोणत्या दुकानात शिरला, हेही कोणी टिपू लागले तर? ती पाळत झाली.

इंटरनेटवरही हाच भेद करावा लागतो. संकेतस्थळाचा संगणक मुळात विसराळू असतो. तुम्ही पान मागितले, त्याने दिले, की व्यवहार संपला. पुढचे पान मागणारेही तुम्हीच, हे त्याला कळत नाही. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी यावर तोड काढली. संकेतस्थळ तुमच्या ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी देते. तिच्यावर बहुधा एक क्रमांक असतो. ब्राउझर ती जपून ठेवतो व पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर परत दाखवतो. हीच 'कुकी'.

मात्र पानावरची जाहिरात पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून येते. तीही आपली चिठ्ठी देऊ शकते. तिच्या जाहिराती शंभर संकेतस्थळांवर असतील, तर तोच क्रमांक तिला शंभर ठिकाणी दिसेल आणि तुमच्या आवडीनिवडींची साखळी जुळेल. काही ब्राउझर अशा परक्या चिठ्ठ्या आपणहून अडवतात.

युरोपीय संघाने २००९ मध्ये नियम बदलून कुकी ठेवण्यापूर्वी संमती घेणे बंधनकारक केले. सूट दिली ती मुख्यतः तुम्ही मागितलेल्या सेवेसाठी अत्यावश्यक असलेल्या कुकीला. उदाहरणार्थ, खरेदीची टोपली लक्षात ठेवणारी. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असा निकाल तेथील न्यायालयाने २०१९ मध्ये दिला.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कुकीचे नाव नाही. पण संमती मोकळेपणाने, समजून व स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि ती देण्याइतकेच परत घेणेही सोपे हवे, असे त्यात म्हटले आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी. मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास तर मनाईच आहे. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शाळांना सूट दिली, पण ती शिक्षण व मुलांची सुरक्षितता यांपुरतीच. यांतील बहुतेक तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली.

करून पाहा : घरच्यांना विचारून ब्राउझरमधील एका संकेतस्थळाच्या कुकी पुसा. तेथे पुन्हा नाव व परवलीचा शब्द द्यावा लागला, तर पुसलेली एक चिठ्ठी आठवणीची होती. बाकीच्या कशासाठी होत्या? 'स्वीकारा' हे बटण दाबण्यापूर्वी हाच प्रश्न विचारायचा असतो.