पाणी कोणाच्या हातचे?



प्रभूची काही वचने ऐकतानाच जड वाटतात. काही मात्र ऐकायला गोड आणि पाळायला महाकठीण असतात. ख्रिस्तामध्ये यहुदी आणि ग्रीक असा भेद उरत नाही, सर्व एक आहेत, ही संत पौलाची शिकवण (गलती. 3:28) दुसऱ्या प्रकारातली. मिस्सामध्ये ती वाचली जाते, आपण देवाचे आभार मानतो आणि खाली बसतो.

त्याच पत्रात थोडे आधी (2:11-14) एक अवघड प्रसंग आहे. अंत्युखियात संत पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांच्या पंगतीला बसत असे. याकोबाकडची काही माणसे आली, तसा तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बर्णबाही गेला. पेत्राचा विश्वास बदलला नव्हता, ‘आपले लोक काय म्हणतील’ हे आडवे आले. पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावले. प्रत्यक्ष पहिल्या पोप महोदयांना, तेही जेवणाच्या पंगतीवरून!

आपल्या मराठी मुलखात हा धडा लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यात दिसतो. त्या कॅथॉलिक नव्हत्या, तरी त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घरोघरी असावीत असे आम्हांस वाटते. त्यांच्या माहेरी सोवळे इतके कडक की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घेत. पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. मग जात माणसांनी केली, देवाने नव्हे, हे मनाला पटले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या धरणगावचे बालकवी ठोंबरे पुढे याच बाईंच्या नगरच्या घरी मुलासारखे राहिले.

आपला क्रम पुष्कळदा उलटा असतो. बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, पाण्याचे मात्र अजून ठरायचे आहे. खानदेशातील आपली ख्रिस्तसभा नाना ठिकाणची आहे: भुसावळला रेल्वेमुळे आलेली केरळ, गोवा, तामिळनाडूची कुटुंबे, नगरकडून आलेली, सातपुड्याकडचे आदिवासी बांधव. एका वेदीवर सर्व जण ख्रिस्तशरीर स्वीकारतात. घरभेटीला गेलो की मात्र कळते, की अमक्याकडे चहा ‘नुकताच झालेला’ असतो आणि तमक्याकडे दोनदा होतो. सोयरिकीची बोलणी निघाली की पहिला प्रश्न, “मूळचे कोण?” मुलगा मिस्साला येतो का, दारू पितो का, हे नंतर.

कोणी म्हणेल, “फादर, मनात काही नाही हो, सवयच तशी.” सवय हेच तर मूळ दुखणे. अॅरिस्टॉटल हा तत्त्ववेत्ता म्हणे, न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो. मन पूर्ण तयार होईल आणि मग हात पुढे होईल, अशी वाट पाहिली तर जन्म सरेल. कप आधी उचलावा, संकोच मागाहून जातो. ज्यांच्याकडे आजवर कोणी जेवले नाही, त्यांनीही लाजून दार अर्धे लावू नये. बोलावणे पाठवण्यालाही धैर्य लागते, आणि नकार आला तर तो किती लागतो हे आम्ही पाहिले आहे.

पौलाने सुनावल्यावर पेत्र पुन्हा त्या पंगतीला जाऊन बसला की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही.

चर्चच्या सणाला यंदा भरीत-भाकरीची एकच पंगत राहील. वाढपी म्हणून प्रत्येक वस्तीतून दोघांनी नावे द्यावीत. स्वयंपाक कोण करणार, हे कृपया विचारू नये.