मागच्याच्या हातात ब्रेक नसतो

चि. सायली हिस,



तुझं शिकाऊ लायसन आल्याचं ताईने फोनवर सांगितलं. घरबसल्या परीक्षा देऊन पहिल्याच फटक्यात पास झालीस, याचा फार आनंद झाला. पण आता पक्क्या लायसनच्या तारखेसाठी तू घायकुतीला आली आहेस, पोर्टलवर तारखा भरलेल्या दिसल्या की चिडतेस, असंही ती म्हणाली. नोकरीतली सगळी वर्षं मी एसटीचं स्टिअरिंग धरण्यात घालवली. तेव्हा या बाबतीत तुला चार गोष्टी सांगणं माझं काम आहे. त्या फोनवर सांगून भागणार नाहीत, म्हणून पत्र लिहितो. सावकाश वाच.

तुझं शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याशिवाय गाडी चालवायच्या परीक्षेला उभं राहता येत नाही. हे तीस दिवस फुकट गेले असं तुला वाटतंय. मला विचारशील तर संपूर्ण आयुष्यात रस्त्यावर नवखं असण्याची परवानगी कायदा एवढ्याच काळापुरती देतो. एकदा पक्कं लायसन खिशात आलं की तुझ्याकडून सगळे तयार माणसाचीच अपेक्षा ठेवणार. म्हणून तारीख पंधरा दिवस पुढची मिळाली तर पंधरा दिवस जास्त सराव मिळाला असं समज. सहा महिन्यांची मुदत संपायच्या बऱ्याच आधीची तारीख धर, म्हणजे एखाद्या वेळी नापास झालीस तरी पुन्हा जायला जागा राहील.

आता त्या लायसनबरोबर आलेल्या अटी बघ. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 3 शिकाऊ माणसासाठी आहे. गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हवा. ही पाटी 18 सेंटिमीटरची चौकोनी आणि अक्षर 10 सेंटिमीटर उंच, असं मापसुद्धा नियमात दिलं आहे. नंबर प्लेटच्या कोपऱ्यात बोटाएवढं स्टिकर लावून ही अट भागत नाही. दुसरी अट, पक्कं लायसन असलेला शिकवणारा सोबत हवा, आणि गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. तिसरी अट खास मोटारसायकलसाठी आहे: शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही मागे बसवायचं नाही.

या दुसऱ्या अटीवर जरा थांब. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या कारमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणारा गाडी थांबवतो. मोटारसायकलवर तुझ्या मागे शिकवायला दाजी बसतील. पुढच्या ब्रेकचा लिव्हर तुझ्या उजव्या हाताच्या बोटांखाली, मागचा ब्रेक तुझ्या उजव्या पायाखाली, क्लच तुझ्या डाव्या हातात. दाजींकडे काय राहिलं? फक्त आवाज. ते ‘थांब’ म्हणतील, पण थांबवायचं तुलाच आहे. दोन चाकांवर दुसरं कुणीही आपल्यासाठी ब्रेक दाबू शकत नाही, ही गोष्ट मनावर कोरून ठेव. मला जे काही सांगायचंय ते सगळं यातूनच निघतं.

म्हणून या महिन्यात एक काम कर. दाजी मागून जे बोलतात ते तू स्वतः मोठ्याने बोलायला शिक. वळायच्या आधी म्हण: आरसा, इंडिकेटर, मान वळवून मागे नजर, मग वळण. थांबायच्या आधी म्हण: आरसा, ब्रेक, क्लच, गिअर, पाय. आठ दिवसांत दाजींना काही सांगावं लागणार नाही. त्यांचा आवाज तुझ्या डोक्यात बसला की मगच तू एकटी चालवायला तयार झालीस असं समज. परीक्षेचा अधिकारी हे तपासू शकणार नाही, ते तुलाच ठरवायचं आहे.

सराव मोकळ्या जागेत सुरू कर. आठवडी बाजाराचं मैदान बाजाराचा दिवस सोडून रिकामंच असतं. सकाळी लवकर तिथे जा. पहिले काही दिवस फक्त सुरू करणं, हाफ क्लचवर गाडी हळूहळू सोडणं आणि ठरलेल्या रेघेवर थांबवणं एवढंच कर. गाडी बंद पडेल, पडू दे. गिअर टाकताना खाली बघायची सवय पहिल्या दिवसापासून मोडून काढ. ते जमलं की गावातले आतले रस्ते, आणि सगळ्यात शेवटी कराडची बाजारपेठ. महामार्गावर पक्कं लायसन मिळेपर्यंत जाऊच नकोस. मिळाल्यावरही निदान काही आठवडे सर्व्हिस रोडनेच जा.

ब्रेकबद्दल लोक तुला उलटंसुलटं सांगतील. ‘पुढचा ब्रेक मारला की माणूस पडतो’ हे त्यातलं पहिलं. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवलास तर मागचं चाक घसरेल आणि गाडी वेळेत थांबणार नाही. सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकदम, पण आधी हलके आणि मग घट्ट दाबायचे. खडी, वाळू, चिखल, सांडलेलं डिझेल यांवर आणि गाडी वळणात कललेली असताना पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. वेग वळणाआधीच कमी करायचा. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचा ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. दाजींची गाडी त्याच्या आधीची आहे, तिच्यात यातलं काही नाही. त्यामुळे ब्रेकवरचा हात तुला स्वतःच बसवावा लागेल.

वेगाचा हिशेब तोंडपाठ कर. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 11 मीटर जाते, 60 च्या वेगाने जवळजवळ 17 मीटर. समोर काही आलं हे डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच, आणि तोवर गाडी पूर्ण वेगात असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की तू तिथे पोचेपर्यंत निदान दोन सेकंद गेले पाहिजेत. पावसात चार.

आता एसटीच्या सीटवरून दिसणारी गोष्ट. आमचं स्टिअरिंग उजव्या बाजूला, त्यामुळे बसच्या डाव्या कोपऱ्यापाशी चिकटून चाललेली मोटारसायकल ड्रायव्हरला दिसत नाही. मागे अगदी जवळ असलेलीही दिसत नाही. मोठ्या गाडीच्या आरशात तुला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस, हे पक्कं धर. स्टँडमधून किंवा थांब्यावरून निघणाऱ्या बसच्या डावीकडून कधीही घुसू नकोस. वळणारी लांब गाडी आतल्या बाजूची जागा खाते. तिच्या आणि कडेच्या फटीत शिरलेला दुचाकीवाला मागच्या चाकाखाली येतो. ओव्हरटेक उजवीकडून, पुढचा रस्ता स्वच्छ दिसत असेल तरच. चढावर, वळणावर, पुलावर नाही.

आपल्या भागात सध्या गळीत हंगाम सुरू आहे. संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर धुळीने झाकलेले असतात, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात हे लक्षात ठेव. पहिली ओलांडली की संपलं असं समजून आत यायला गेलीस तर दुसरी तिथेच असेल. समोरच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपले तर वेग कमी करून डावी कड धर. या महिन्यात तरी अंधार पडल्यावर गाडी बाहेर काढूच नकोस.

हेल्मेट फक्त परीक्षेच्या दिवशी उसनं आणायची वस्तू नव्हे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली जवळपास 45 टक्के दुचाकीवरची होती. 50,029 माणसं हेल्मेट नसताना गेली, आणि त्यांत मागे बसलेलेही होते. म्हणून दोन हेल्मेटं घे, एक तुला आणि एक मागे बसणाऱ्याला. आयएसआयचा शिक्का बघूनच घे. डोक्यावर घट्ट बसलं पाहिजे, डोकं हलवल्यावर हेल्मेट मागे राहता कामा नये. हनुवटीचा पट्टा लावल्याशिवाय हेल्मेट घातलं असं होत नाही. एकदा मोठा मार बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी पुन्हा वापरायचं नाही. आणि सायली, ओढणी. तिची टोकं गाठ मारून जॅकेटच्या आत घे, किंवा गाडीवर बसताना ओढणीच काढून सॅकमध्ये ठेव. मागच्या चाकात पदर किंवा ओढणी जाऊ नये म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण गाडीला असावं, असा नियम 123 आहे. दाजींच्या गाडीचा साडीगार्ड काढलेला असेल तर आधी बसवून घ्यायला सांग.

तुझ्या मैत्रिणी म्हणतील, ‘आता लायसन आलंय, सोड की कॉलेजपर्यंत.’ सरळ नाही म्हण. पोलिसाच्या दंडाचं सोड, गाडीच्या विम्याच्या कागदावर ड्रायव्हरविषयीचं कलम काढून वाच. शिकाऊ लायसन असलेल्याला गाडी चालवता येते, पण नियम 3 पाळत असेल तरच, असं तिथे लिहिलेलं असतं. मैत्रीण मागे बसली आणि काही झालं, तर तिच्या दवाखान्याचा आणि नुकसानभरपाईचा प्रश्न तुझ्या आईबापांच्या दारात येऊन उभा राहील. पक्कं लायसन मिळाल्यावर खुशाल बसव, पण एकीलाच. ट्रिपल सीट कधीच नाही.

धाकट्या रोहितच्या हातात किल्ली देऊ नकोस. ‘फक्त चौकापर्यंत’ म्हणाला तरीही नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाने अशी गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही, अशी तरतूद 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात आली आहे. तो रागावला तर त्याला हे पत्र दाखव.

परीक्षेच्या दिवशी वेळेआधी पोच. शिकाऊ लायसन, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी सगळं मूळ प्रतीत जवळ ठेव. दोन्ही आरसे, दोन्ही इंडिकेटर आणि मागचा लाल दिवा आदल्या दिवशीच तपासून घे. इंग्रजी 8 च्या आकारात गाडी फिरवून आठ काढताना पहिला गिअर, हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकचा हलका दाब यावर गाडी धर. पुढच्या चाकाकडे बघू नकोस. जिथे जायचं आहे तिथे मान वळव, गाडी नजरेमागे जाते. आठामध्ये पाय टेकला की नापास धरतात, म्हणून मैदानावर चुन्याने आठ आखून त्यावर सराव कर. दोन्ही बाजूंचं वळण सारखं सहज झालं पाहिजे. पुष्कळांना उजवीकडचं जड जातं.

कुणी म्हणेल, ‘एजंटाला पैसे दे, आठ काढायची गरजच नाही.’ त्या वाटेला जाऊ नकोस. एजंट फार तर अर्ज भरून देईल. क्लच धरायचा हात तो देऊ शकत नाही, आणि ट्रॉलीच्या मागे वेळेत ब्रेक दाबायला तो येणार नाही. अर्ज तूही भरू शकतेस, लिहिणंवाचणं तुला त्याच्यापेक्षा चांगलं येतं.

आणि नापास झालीस तर? सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा नापास झाल्यावर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मैदानावर पाय टेकला हे बरंच झालं असं समज, कारण तोच पाय महामार्गावर टेकायची वेळ आली असती तर सावरायला जागा मिळाली नसती. नापास झालीस तर घरी लपवू नकोस, त्याच दिवशी मला फोन कर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जा.

तारीख लवकर मिळावी म्हणून मी कुणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस. तुझी पाळी येईल तेव्हा येईल. तोवर रोज सराव कर, दाजींना मागे बसव, पाटी मोठी लाव, आणि पक्कं लायसन हातात आल्यावरही गाडी अशीच चालव. एवढं मला कबूल आहे म्हणून दोन ओळींचं उत्तर पाठव.

ताईला आणि दाजींना नमस्कार. रोहितला आशीर्वाद.

तुझा,
मामा